उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी : उभ्या गृहवाहनातील संचायकाची निगा

मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसाच्या तोंडी बॅटरीविषयी दोन क्रियापदे नेहमी येतात. बॅटरी ‘उतरली’ असे तो म्हणतो, आणि बॅटरी ‘गेली’ असेही म्हणतो. पहिल्या प्रयोगात आशा आहे. उतरलेली वस्तू पुन्हा चढवता येते. दुसऱ्या प्रयोगात निर्वाणीचा भाव आहे. गेलेले परत येत नाही, त्याच्या जागी नवे आणावे लागते. लोकभाषेने केलेला हा भेद रसायनशास्त्राच्या कसोटीवरही खरा ठरतो. मात्र उतरलेल्या बॅटरीचे रूपांतर गेलेल्या बॅटरीत केव्हा आणि कशाने होते, हे ह्या दोन क्रियापदांवरून कळत नाही. ते रूपांतर बहुधा वाहन चालत असताना होत नाही. वाहन महिनोन्‌महिने उभे असताना, कोणाचेही लक्ष नसताना होते. प्रस्तुत लेखात ह्या रूपांतराची मीमांसा करावयाची असून, त्यासाठी हिवाळ्यात बंद करून ठेवलेल्या गृहवाहनाचे उदाहरण घेतले आहे.

शास्त्रीय परिभाषेतील शब्दांनी ह्या बाबतीत थोडा गैरसमज वाढविला आहे, हेही प्रारंभीच नमूद केले पाहिजे. ‘बॅटरी’ हा शब्द मुळात तोफांच्या रांगेचा वाचक होय. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन ह्याने विद्युत् साठविणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या समूहास तो लावला. मराठीत ‘विद्युत्-घट’ ही संज्ञा रूढ झाली. घट म्हणजे मडके. आणि मडक्याविषयीची स्वाभाविक कल्पना अशी की, ते भरून झाकून ठेवले तर भरलेलेच राहते, रिकामे ठेवले तर नुसते रिकामे राहते, आणि पुन्हा भरले तर पूर्वीइतकेच मावते. संचायकाच्या बाबतीत ह्या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. तो झाकून ठेवला तरी रिकामा होत जातो; रिकामा राहिला तर बिघडतो; आणि बिघडल्यावर त्यात पूर्वीइतके मावत नाही. रूपक पुढे चालवावयाचे तर असे म्हणावे लागेल की, रिकामा ठेवलेला हा घट आतून आक्रसत जातो.

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या मोटारीतच निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असते तिला गृहवाहन अथवा मोटरहोम म्हणतात. युरोप व उत्तर अमेरिका येथे अशी वाहने मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा उपयोग प्रायः वसंतापासून शरदापर्यंत होतो आणि उरलेले महिने ती आवारात किंवा भाड्याच्या कोठारात उभी असतात. जर्मनीत तर ह्या प्रथेस कायद्याने आकार दिला आहे. तेथे १९९७ सालापासून वाहनास हंगामी क्रमांकपट्टी घेता येते. ती दोन ते अकरा महिन्यांपर्यंतच्या मुदतीची असते व मुदतीचे महिने पट्टीवरच छापलेले असतात. पट्टीवर ०४ व १० हे अंक असतील तर ते वाहन एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच काळात सार्वजनिक रस्त्यावर आणता येते. उरलेल्या पाच महिन्यांत ते चालविणे तर राहोच, सार्वजनिक रस्त्यावर उभे करणेही निषिद्ध असते. म्हणजे अधूनमधून एखादी फेरी मारून बॅटरी ताजी ठेवण्याचा मार्ग अशा वाहनास मुळातच बंद आहे.

गृहवाहनात बहुधा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी. तिच्या पट्ट्या पातळ व संख्येने अधिक असतात, कारण तिला काही क्षणच, पण शेकडो अँपिअरचा प्रवाह द्यावयाचा असतो. दुसरी घराच्या अंगासाठी, म्हणजे दिवे, पाण्याचा पंप, पंखा इत्यादींसाठी. तिच्या पट्ट्या जाड असतात, कारण तिला थोडा प्रवाह पुष्कळ वेळ द्यावयाचा असतो. ह्या दोहोंची प्रकृती भिन्न असल्यामुळे त्यांची काळजीही स्वतंत्रपणे घ्यावी लागते. पुष्कळ वाहनांत, विशेषतः जुन्या रचनेच्या वाहनांत, बाहेरील विजेची जोडणी केली असता केवळ घराची बॅटरी भरली जाते. इंजिनाची बॅटरी त्या मंडलात नसते. मालक हिवाळाभर वायर जोडून निश्चिंत राहतो, वसंतात दार उघडतो, आतील सर्व दिवे लख्ख लागतात, आणि किल्ली फिरविल्यावर इंजिन मात्र हूं की चूं करीत नाही. ह्या प्रसंगाचे मूळ यंत्राच्या दोषात नसते. ‘बॅटरी’ हे एकवचन दोन वस्तूंना लावण्यात असते.

२. संचायकाच्या आत काय घडते

शिसे व आम्ल ह्यांचा पुन्हा पुन्हा भरता येणारा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते ह्याने १८५९ साली तयार केला. १८८१ साली कामीय फोर ह्याने शिशाच्या संयुगाचा लगदा पट्ट्यांवर थापण्याची रीत काढली व त्यामुळे ह्या घटाचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. मूळ तत्त्व आजही तेच आहे. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे, आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. प्रवाह घेतला जातो तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट हे एकच संयुग तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी निर्माण होते. भारण करताना, म्हणजे बॅटरी चार्ज करताना, ह्याच्या नेमकी उलट क्रिया घडते. सल्फेट विरघळते, शिसे आणि त्याचे डायऑक्साइड आपापल्या पट्टीवर परत येतात आणि आम्ल पुन्हा तीव्र होते.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, लेड सल्फेट तयार होणे हा रोग नव्हे; ते घटाच्या नित्य व्यवहाराचे अंग आहे. नुकतेच तयार झालेले सल्फेट अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असते. त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि भारण करताच ते सहज विरघळते. परंतु ते आठवडे, महिने तसेच पडून राहिले तर सूक्ष्म कण विरघळतात व त्यांचे द्रव्य मोठ्या कणांवर जमत जाते. मोठे स्फटिक आणखी मोठे होतात, कठीण होतात आणि पट्टीची छिद्रे बुजवितात. असे स्फटिक विजेचे वाहक नसतात व भारणास दाद देत नाहीत. जेवढे द्रव्य ह्या रीतीने अडकले तेवढी घटाची धारणाशक्ती कायमची कमी झाली. ह्यालाच सल्फेटीकरण म्हणतात. उतरलेल्या बॅटरीचे गेलेल्या बॅटरीत रूपांतर होते ते ह्या वाटेने.

ह्यावरून एक निष्कर्ष निघतो. बॅटरी उतरण्याने होणारी हानी ती किती खोल उतरली एवढ्यावरच अवलंबून नसते. ती किती काळ त्या स्थितीत राहिली ह्यावर फार अवलंबून असते. रात्री पूर्ण उतरलेली आणि सकाळी भरलेली बॅटरी बहुधा तगते. अर्धीच उतरलेली, पण पाच महिने तशीच राहिलेली बॅटरी मात्र बहुधा पूर्णपणे पूर्वपदावर येत नाही.

३. उभ्या वाहनात वीज कोठे जाते

वाहन बंद आहे म्हणजे वीज खर्च होत नाही, ही समजूत दोन कारणांनी चुकीची आहे. पहिले कारण घटाच्या आतले. काहीही जोडलेले नसतानाही पट्ट्यांवर मंद रासायनिक क्रिया चालूच असते व साठा कमी होत जातो. ह्यास स्वयंविसर्जन म्हणू. साध्या, द्रव आम्लाच्या बॅटरीत २५ अंश सेल्सिअस तापमानास हे प्रमाण दरमहा सुमारे ४ ते ५ टक्के असते. काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेल्या बंद बॅटरीत ते १ ते ३ टक्के असते. तापमान १० अंशांनी वाढले की हे प्रमाण सुमारे दुप्पट होते, आणि तितकेच उतरले की निम्मे होते.

दुसरे कारण घटाबाहेरचे. आधुनिक वाहनात घड्याळ, रेडिओची स्मृती, चोरीची सूचना देणारे यंत्र, दूरस्थ किल्लीचा ग्राहक, वायुगळतीचा सूचक अशी अनेक उपकरणे सदैव जागी असतात. प्रत्येकाची भूक लहान असते. परंतु ती अहोरात्र असते. सर्वांचा मिळून प्रवाह २० ते ५० मिलिअँपिअर असणे अगदी सामान्य होय.

हा आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडणे इष्ट ठरेल. समजा, इंजिनाची बॅटरी ८० अँपिअर-तासांची आहे, ती १ नोव्हेंबर रोजी पूर्ण भरलेली होती आणि उपकरणांचा एकूण प्रवाह ३० मिलिअँपिअर आहे. दररोजचा खर्च ०.७२ अँपिअर-तास झाला. ह्या गतीने निम्मा साठा सुमारे ५५ दिवसांत, म्हणजे नाताळच्या सुमारास संपतो. सर्व साठा सुमारे १११ दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो. हंगामी पट्टीचे वाहन मात्र १ एप्रिलपर्यंत, म्हणजे एकंदर १५१ दिवस उभे राहावयाचे आहे. त्यासाठी सुमारे १०९ अँपिअर-तास लागतील. आणि तेवढे त्या बॅटरीत मुळातच नाहीत. स्वयंविसर्जन ह्या हिशेबात धरलेलेही नाही. एका दिव्याचाही उजेड न पडता एक संपूर्ण बॅटरी अशी संपते.

४. थंडीचा दुहेरी परिणाम

थंडी ही संचायकाची मित्रही आहे आणि शत्रूही. ५ अंश तापमानास स्वयंविसर्जन २५ अंशांच्या मानाने सुमारे एक-चतुर्थांश होते. म्हणून पूर्ण भरलेली आणि सर्व उपकरणांपासून तोडलेली बॅटरी थंड कोठारात पाच महिन्यांत दहा टक्केही उतरत नाही.

परंतु उतरलेल्या बॅटरीची गोष्ट वेगळी. साठा कमी होतो तसे आम्ल विरळ होते, आणि विरळ आम्ल लवकर गोठते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५ असते व ते शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. निम्मी उतरल्यावर ते १.१९० च्या आसपास येते, व गोठणबिंदू शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर येतो. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रावण शून्याखाली ७ ते १० अंशांतच गोठते, आणि मध्य युरोपातील कडाक्याच्या रात्री तितक्या थंड असू शकतात. गोठताना पाण्याचे आकारमान वाढते, पट्ट्या वाकतात, कवच तडकते. वर मांडलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले असता दिसेल की, बॅटरी सर्वाधिक रिकामी होण्याची वेळ आणि हिवाळ्यातील कठोर रात्री ह्यांची गाठ फेब्रुवारीत पडते. गोठलेली बॅटरी चार्जरला जोडणे धोक्याचे असते. ती फुटू शकते. ती प्रथम उबदार जागी पूर्ण वितळू द्यावी, कवचाची तपासणी करावी, आणि तडा दिसल्यास ती वापरूच नये.

५. उपायांची छाननी

(अ) जोडणी तोडणे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बॅटरी पूर्ण भरून नंतर उपकरणांपासून अलग करणे. काही वाहनांत त्यासाठी खटका असतो. नसेल तेथे तारेचा क्लॅम्प सोडावा लागतो. ह्यात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ऋण अग्राची तार काढावी, मग धन अग्राची. जोडताना प्रथम धन, मग ऋण. कारण असे की, ऋण अग्र वाहनाच्या धातूच्या सांगाड्यास जोडलेले असते. ते जोडलेले असताना धन अग्रावरील पाना सांगाड्यास टेकला तर प्रचंड प्रवाह वाहतो, पाना तापून लाल होतो व ठिणगी उडते. ऋण तार आधी काढली असता हा धोका राहत नाही. तोडण्याचा तोटा एवढाच की चोरीसूचक यंत्र बंद पडते आणि काही उपकरणे आपली स्मृती गमावतात.

(आ) सतत मंद भारण. जेथे विजेची सोय आहे तेथे नियंत्रित चार्जर जोडून ठेवणे हा सर्वोत्तम मार्ग होय. अशा चार्जरचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात तो पूर्ण क्षमतेने प्रवाह देतो. दुसऱ्यात विद्युत्-दाब सुमारे १४.४ व्होल्टवर स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो. तिसऱ्यात दाब १३.५ ते १३.८ व्होल्टपर्यंत खाली आणून केवळ स्वयंविसर्जनाची आणि उपकरणांच्या खर्चाची भरपाई करतो. ‘नियंत्रित’ हे विशेषण येथे अलंकार म्हणून योजलेले नाही. जुन्या पद्धतीचा, दाब न आवरणारा चार्जर महिनोन्‌महिने जोडून ठेवला तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघत राहतात, द्रावणाची पातळी पट्ट्यांखाली जाते आणि धन पट्टीची जाळी गंजते. उपाशी ठेवण्याने जशी बॅटरी मरते तशीच अतिभोजनानेही मरते. शिवाय हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ते मिश्रण ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून भारणाची जागा हवेशीर असावी, आणि चार्जरची तार काढण्यापूर्वी वीज बंद करावी.

विजेची सोय सतत नसेल तर दर चार ते सहा आठवड्यांनी एकदा, अहोरात्र चार्जर जोडून बॅटरी पूर्ण भरली तरी चालते. सल्फेटचे कण मोठे होण्यापूर्वी ते विरघळविणे, हाच ह्यामागील हेतू होय.

(इ) सौरपट्ट. छपरावर सौरपट्ट असला म्हणजे काळजी नाही, अशी समजूत आढळते. तिची परीक्षा भूगोलाने करावी. ३० मिलिअँपिअरचा अखंड खर्च भागविण्यास दररोज नऊ ते दहा वॉट-तास ऊर्जा लागते. २० वॉटच्या पट्टाने ती देण्यासाठी दररोज अर्धा तास पूर्ण प्रखर उन्हाइतका प्रकाश मिळाला पाहिजे. पुण्यात ही मागणी सहज पुरी होते. परंतु हॅम्बुर्ग शहरात डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा १३ अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. गृहवाहनाच्या छपरावरील पट्ट आडवा निजलेला, आकाश मेघाच्छादित, आणि क्वचित वर बर्फाचा थर. ह्या परिस्थितीत लहान पट्ट जेमतेम पुरतो किंवा पुरत नाही; आणि वाहन छपराखाली असेल तर प्रश्नच उरत नाही. म्हणून सौरपट्टाची योजना करताना डिसेंबरचा हिशेब करावा, जूनचा नव्हे. पट्ट कोणत्या बॅटरीस जोडलेला आहे, तेही पाहावे. येथेही इंजिनाची बॅटरी पुष्कळदा उपेक्षित राहते.

(ई) अधूनमधून इंजिन चालविणे. हा उपाय सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळा आहे. बॅटरीचा पहिला मोठा हिस्सा लवकर भरतो, पण शेवटच्या पाचव्या हिश्श्यास कित्येक तास लागतात, कारण दाब वाढत जातो तसा बॅटरी स्वीकारीत असलेला प्रवाह घटत जातो. दहा-पंधरा मिनिटे जागच्या जागी चालविलेले इंजिन तो शेवटचा हिस्सा कधीच पुरा करीत नाही. आणि सल्फेट साचते ते नेमके त्याच न भरलेल्या हिश्श्यात. उलट, इंजिन पुरेसे तापत नसल्याने ज्वलनातून निर्माण झालेली वाफ तेलात आणि धूरनळीत पाणी होऊन राहते. एका अवयवाच्या रक्षणासाठी दुसऱ्यास गंज लावण्यासारखे हे आहे.

(उ) एक जुनी समजूत. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवल्यास उतरते असे अजूनही सांगितले जाते. बॅटरीची कवचे लाकडाची किंवा सच्छिद्र रबराची होती त्या काळी ओलाव्यामुळे वीज झिरपण्यास वाव होता. आजची पॉलिप्रॉपिलीनची कवचे विजेची दुर्वाहक असतात. फरशीशी त्यांचे काही देणे-घेणे नाही. मात्र कवचाचा माथा आम्लाच्या धुरकटीने व धुळीने माखलेला असेल तर दोन अग्रांमध्ये बारीक गळती होऊ शकते. तेव्हा फरशीची चिंता सोडून माथा कोरडा व स्वच्छ ठेवावा.

६. मोजमाप

ह्या सर्व उपायांचा उपयोग होतो की नाही, हे अनुमानाने न ठरविता मोजून ठरवावे. साध्या मल्टिमीटरने ते होते. बॅटरी काही तास, शक्य तर एक रात्र, भारण व भार ह्या दोहोंपासून अलिप्त ठेवून दाब मोजावा. नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा दाब खोटा मोठा दिसतो. सहा घटांच्या साध्या बॅटरीसाठी सर्वसाधारण प्रमाण असे :

१२.६ ते १२.७ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.२६५ : पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.२२५ : सुमारे तीन-चतुर्थांश
१२.२ व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१९० : सुमारे निम्मी
१२.० व्होल्ट, विशिष्ट गुरुत्व १.१५५ : सुमारे एक-चतुर्थांश

ह्या कोष्टकातील विलक्षण गोष्ट ही की, पूर्णता आणि जवळजवळ रिक्तता ह्यांत अवघे सात दशांश व्होल्टचे अंतर आहे. ‘बारा व्होल्टची बॅटरी’ बारा व्होल्ट दाखविते म्हणून ती ठीक आहे असे समजणे, हा नामाला वर्णन मानण्याचा प्रमाद होय. बारा हा आकडा तिचे नाव आहे; प्रकृतीचे लक्षण नव्हे. व्यवहारात १२.४ व्होल्ट ही सीमा धरावी आणि तिच्याखाली दाब जाण्यापूर्वीच भारण करावे. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावयाचे ते पूर्ण भारणानंतर, कारण भारणाने द्रावणाची पातळी वर येते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालावे.

७. नियमाची मर्यादा : लिथियमचा घट

‘बॅटरी नेहमी पूर्ण भरून ठेवावी’ हा नियम शिसे-आम्लाच्या घटापुरता आहे. अलीकडे गृहवाहनांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे घट वाढत्या प्रमाणात बसविले जातात. ह्या धनाग्र-द्रव्याविषयीचा शोध जॉन गुडइनफ ह्यांच्या गटाने १९९७ साली प्रसिद्ध केला. ह्या घटात सल्फेट नाही, म्हणून अर्धवट भरलेले राहण्याने त्यास अपाय होत नाही. उलट, दीर्घकाळ पूर्ण भरलेल्या स्थितीत, विशेषतः उष्ण जागी राहिल्याने तो लवकर जीर्ण होतो. म्हणून साठवणीच्या वेळी तो सुमारे निम्मा भरून, जोडणी तोडून ठेवावा आणि अधूनमधून तपासावा, कारण त्यातील संरक्षक मंडलही किंचित वीज घेते. शून्य अंशाखाली त्याचे भारण करू नये. तसे केल्यास ऋण पट्टीवर लिथियम धातूचा थर जमतो आणि घट कायमचा दुबळा होतो. तात्पर्य, एकाच वाहनात इंजिनासाठी शिसे-आम्लाची व घरासाठी लिथियमची बॅटरी असेल तर दोहोंसाठी परस्परविरोधी नियम पाळावे लागतात. नाव एक असले तरी धर्म भिन्न आहेत.

८. उष्ण प्रदेशातील पाठभेद

युरोपातील मार्गदर्शक सूचना जशाच्या तशा महाराष्ट्रास लागू करणे हितावह नाही. येथे २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामुळे गृहवाहनाचा विषय येथे अगदीच परका राहिलेला नाही. शिवाय दीर्घकाळ उभ्या वाहनाचा अनुभव २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत घरोघर आला. कित्येक आठवड्यांनी किल्ली फिरविल्यावर मोटारी आणि स्कूटर सुरू होईनात, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. घरातील इन्व्हर्टरची बॅटरीही बहुधा शिसे-आम्लाचीच असते आणि कुटुंब सुटीत गावी गेले म्हणजे तीही मागे एकटी राहते.

येथे गोठण्याचे भय नाही. भय उष्णतेचे आहे. जोडणी तोडलेली बॅटरी थंड कोठारात पाच महिन्यांत दहा टक्केही उतरत नाही असे वर म्हटले. तीच बॅटरी नागपुरास मे महिन्यात ४५ अंशांच्या शेडमध्ये ठेवली, तर दहा अंशांस दुपटीच्या नियमाने एकाच महिन्यात सोळा ते वीस टक्के उतरेल. कोकणात पावसाळ्याचे चार महिने वाहन बंद ठेवले तर, तेथील तापमान फार नसले तरी, तोडलेली बॅटरी एक-चतुर्थांश उतरून १२.४ व्होल्टच्या सीमेवर येऊन ठेपते. म्हणजे जर्मनीत पुरेसा ठरणारा ‘भरा आणि तोडा’ हा उपाय येथे पुरत नाही; मध्ये निदान एक-दोन वेळा भारण करणे प्राप्त आहे. तसेच उष्णतेत भारणाचा दाब कमी ठेवावा लागतो. बारा व्होल्टच्या बॅटरीस दर अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्ट, ह्या हिशेबाने २५ अंशांस १३.६ असणारा मंद भारणाचा दाब ४० अंशांस १३.३ च्या आसपास असावा आणि शून्य अंशास १४.१ च्या आसपास. तापमान ओळखून दाब बदलणारा चार्जर निवडावा, ह्या सूचनेचे मर्म हेच आहे.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. शिसे-आम्लाच्या बॅटरीस विश्रांती ही अवस्थाच नाही. ती चालत असते किंवा झिजत असते. उतरणे हा तिचा धर्म आहे आणि तो टाळता येत नाही. टाळावयाचे आहे ते उतरलेल्या स्थितीतील वास्तव्य. म्हणून वाहन बंद करण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भराव्यात. नंतर त्या तोडाव्यात किंवा नियंत्रित चार्जरवर ठेवाव्यात. चार्जर खरोखर दोहोंपर्यंत पोहोचतो की नाही हे प्रत्येक अग्रावर मोजून पाहावे. आणि महिन्यातून एकदा दाबाची नोंद करावी. मडके झाकून ठेवले की काम संपते. संचायक झाकून ठेवल्यावर त्याचे काम सुरू होते. एवढे ध्यानात ठेवले तर वसंतात किंवा पावसाळ्यानंतर बॅटरी ‘उतरली’ असे फार तर म्हणावे लागेल. ‘गेली’ असे म्हणण्याची पाळी सहसा येणार नाही.